पेटीतील परके पुडके

परदेशच्या प्रवासातील संकटांविषयी आपल्या घरांतून जे बोलले जाते, त्यात विमान चुकणे, पेटी दुसऱ्याच गावी जाणे, परक्या मुलखात ताप येणे आणि शाकाहारी माणसाला भातावर मीठ घालून दिवस काढावे लागणे, हेच विषय प्रामुख्याने येतात. ही संकटे खोटी नाहीत व ज्याच्यावर येतात त्यास ती लहानही वाटत नाहीत. तथापि अलीकडच्या काळात परदेशी सहलीस गेलेल्या नवराबायकोंवर जे प्रसंग ओढवले, त्यांतील आम्हास ठाऊक असलेल्या सर्वांत भयंकर प्रसंगाचे मूळ परदेशात नव्हते. ते घरीच पेटीत भरले गेले होते, आणि भरताना ते मायेच्या माणसाने हातात दिले होते. या महिन्यात त्याच संबंधाने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यातूनही दांपत्याने मिळून परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याच्या कुशीत व तापीच्या काठी वसलेला. मुंबई-पुण्याच्या मानाने एका बाजूस पडलेला. पण ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत सुरतेस पोहोचतो, आणि सुरतेहून २०१९ साली शारजाचे, २०२३ च्या डिसेंबरात दुबईचे व त्यानंतरच्या वर्षी बँकॉकचे विमान सुरू झाल्यापासून, पूर्वी ज्या घरांना मुंबईचा विमानतळ म्हणजेच अर्धे परदेशगमन वाटे, त्या घरांतील मुलेसुना लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आठ दिवस बाहेर जाऊन येऊ लागल्या आहेत. वाटेत नवापूर लागते. त्या स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. एकाच बाकावर टेकलेल्या नवराबायकोंपैकी तो गुजरातेत आणि ती महाराष्ट्रात, असा चमत्कार तेथे रोज घडतो व कोणाच्या पिशवीला कोणी हात लावीत नाही. सीमा ओलांडणे म्हणजे इतकेच, अशी आपली समजूत होण्यास हे स्थानक पुरेसे आहे. पुढच्या सीमा मात्र निराळ्या असतात.

आता पेटीकडे वळू. आपल्याकडे प्रवासास निघालेला मनुष्य कधीच केवळ स्वतःचा नसतो. प्रकाशे येथे तापीवर स्नानास जाणाऱ्याजवळ शेजारीण आपल्या नावाचा नारळ देते. काशीस निघालेल्याने साऱ्या आळीची दक्षिणा पदरी बांधून न्यावी व येताना प्रत्येक घरी गंगेचा गडू पोहोचता करावा, हा रिवाज आजा-पणजाच्या काळापासून चालत आला. धुळ्यास किंवा पुण्यास शिकणाऱ्या मुलाचा डबा एस. टी.च्या वाहकाजवळ देण्यात कोणास काही गैर वाटले नाही. अशा रीतीने ‘जातोच आहेस तर एवढे ने’ हे वाक्य आपल्या कुटुंबपद्धतीच्या अगदी मुळाशी जाऊन बसले आहे. त्याला नकार देणारा मनुष्य कृपण ठरतो. आणि ती नकार देणारी घरातील धाकटी सून असली, तर ती नुसती कृपण ठरत नाही, माहेरच्या वळणासकट तिचा उद्धार होतो.

नंदुरबारकरांच्या बाबतीत या पुडक्यांना आणखी एक रंग आहे, तो लाल. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरल्या म्हणजे एकरच्या एकर जमीन तांबडी दिसते, वाऱ्याबरोबर ठसका गावात येतो, आणि ज्या घरचा कोणी परदेशी आहे त्या घरी तिखट कुटून पाठविण्याची घाई सुरू होते. त्याच्या जोडीला धडगावकडचा आमचूर आणि नवापूरची तूरडाळ. आमच्या परिचयाच्या एका घरी मुलगा व सून दुबईस पाच दिवसांकरिता निघाली, तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री पलंगावर त्यांचे स्वतःचे कपडे एका कोपऱ्यात होते आणि उरलेल्या पलंगावर नऊ घरांची पुडकी होती. त्यांतील दोन घरांचे पत्तेही त्या मुलांना ठाऊक नव्हते. ‘तो विमानतळावर येऊन घेऊन जाईल, तुम्हाला काही करावे लागणार नाही,’ असे काकूंनी सांगितले होते. मामंजींनी त्या रात्री प्रत्येक पुडके सोडावयास लावले. निघाले ते तिखट, पापड आणि एका पुडक्यात चांदीचा वाळा, एवढेच. काकू मात्र पुढे दोन महिने त्या घरी आल्या नाहीत. मामंजींचे वर्तन आम्हास सर्वथैव योग्य वाटते, व ते का वाटते हे पुढील हकीकतीवरून कळेल.

६ जुलै २०१९ रोजी मुंबईचे एक तरुण दांपत्य कतारची राजधानी दोहा येथे विमानातून उतरले. सहलीचा खर्च नवऱ्याच्या आत्याने केला होता. पुतण्यास व सुनेस तिने दिलेली ती भेट होती. सून गरोदर होती व जावे की न जावे अशा मनःस्थितीत होती, परंतु वडीलधाऱ्या बाईने प्रेमाने दिलेली भेट परत कशी करावयाची, या विचाराने ती निघाली. निघताना आत्याने एक पुडके दिले. तिकडच्या एका ओळखीच्या माणसासाठी हा जर्दा आहे, असे तिने सांगितले. दोहाच्या हमद विमानतळावर पेटी उघडण्यात आली, तेव्हा त्या पुडक्यात चरस निघाला. वजन चार किलो शंभर ग्रॅम. उभयतांस तेथेच अटक झाली. खटला चालला आणि दोघांसही दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२० च्या फेब्रुवारीत त्या मुलीने तुरुंगात कन्येस जन्म दिला.

इकडे मुंबईत दोन्ही घरची वडील माणसे सुटकेसाठी धडपडत होती. प्रवासापूर्वी आत्याशी फोनवर जे बोलणे झाले होते त्याचे मुद्रण घरच्यांच्या हाती लागले. ते घेऊन मुलीचे वडील केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे गेले. त्या विभागाने स्वतंत्र तपास केला व या दांपत्याची फसवणूक झाली असल्याचा निष्कर्ष काढला. परराष्ट्र खात्यामार्फत तो पुरावा कतारपर्यंत पोहोचविण्यात आला. २०२१ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च पायरीच्या न्यायालयाने खटला फेरविचारासाठी परत पाठविला; मार्चच्या अखेरीस दोघेही निर्दोष ठरली आणि एप्रिलच्या मध्यास, चौदा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन, ती मुंबईस परतली. थोड्या दिवसांच्या सहलीस सुमारे एकवीस महिने लागले.

ही हकीकत वृत्तपत्रांतून आली तेव्हा पुष्कळांनी ती रहस्यकथेप्रमाणे वाचली व बाजूस ठेवली. आमचे मन तिच्यातील एका गोष्टीवर खिळून राहिले. पुडके देणारी व्यक्ती परकी नव्हती. विमानतळावर भेटलेल्या अनोळखी इसमाने ‘एवढी पिशवी नेता का?’ असे विचारले असते, तर ते दांपत्य हसून पुढे गेले असते. तेवढे शहाणपण आता शाळकरी मुलांसही आले आहे. विमानाच्या खिडकीवरील कारकून ‘आपली पेटी आपणच भरली काय? कोणी काही दिले आहे काय?’ असे विचारतो, तेव्हा ‘कोणी’ या शब्दात आत्या, मावशी, काकू व वन्सं येतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. नातलग म्हणजे ‘कोणी’ नव्हे, अशी आपली भाषाच आहे. म्हणून तो प्रश्न आपण खोटे बोलण्याच्या इच्छेशिवाय खोटा उत्तरून मोकळे होतो.

कायदा मात्र आपली भाषा जाणत नाही. पेटी ज्याची, तिच्यातील वस्तू त्याची, आणि ती काय आहे हे त्यास ठाऊक होते, असे धरून चालणारे कायदे अनेक देशांत आहेत. सिंगापुरात दोनशे ग्रॅमहून अधिक चरस किंवा पंधरा ग्रॅमहून अधिक हेरॉइन आणण्यास देहान्ताची शिक्षा सांगितलेली आहे, व मला माहीत नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. हे परक्यांचेच क्रौर्य, असेही समजू नये. आपल्या देशाच्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील पस्तिसाव्या कलमानेही आरोपीच्या मनात दोष होता असेच न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तो नव्हता हे त्याने दाखवावयाचे. ज्यांनी असे कायदे केले त्यांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे: मला ठाऊक नव्हते एवढे म्हणून सुटता आले, तर खरा व्यापारी दुसरे काय म्हणणार? यात निरपराध माणूस भरडला जाण्याची शक्यता राहते, ती राहतेच. दोहाच्या दांपत्याजवळ ते संभाषणाचे मुद्रण नसते, तर त्यांनी आपले अज्ञान कशाने सिद्ध केले असते, हा प्रश्न आम्हास अजूनही सुटलेला नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आमच्या वडील वाचकांकडून येईल, हे आम्ही जाणून आहो. नात्यागोत्यात असा संशय शिरला तर घर घर कसे राहील? ज्या आत्याने अंगाखांद्यावर खेळविले, तिच्या हातचे पुडके सोडून पाहावयाचे काय? आमचे उत्तर असे की, होय, सोडून पाहावयाचे. आणि ते तिच्यादेखत, तिच्याच हाताने सोडवावयाचे. ज्याच्या मनात काही नाही त्यास यात अपमान वाटू नये, व वाटलाच तर तो चार दिवसांचा असतो. दुसरेही एक आहे. पुष्कळ वेळा देणाऱ्यासही पुडक्यात काय आहे ते ठाऊक नसते. आत्याबाईंस ते जावेच्या भावाने दिलेले असते, आणि त्यास आणखी कोणी. विश्वास आत्याबाईंवर असतो. पुडके मात्र तिसऱ्याचेच निघते.

परंतु नकार देण्याचे काम कोणी करावयाचे, हाच आमच्या मते खरा प्रश्न आहे. आपण ते सोयिस्करपणे जाणाऱ्या जोडप्यावर सोपवितो, म्हणजे व्यवहारात ते सुनेवर येऊन पडते, कारण पेटी ती भरते. नवरा म्हणतो, ‘तूच सांग ना त्यांना, जागा नाही म्हणून.’ ती बिचारी वजनाचा काटा पुढे करते, तर ‘तुझ्या दोन साड्या कमी ने’ असे उत्तर मिळते. हा भार घरातील कर्त्या पुरुषाने किंवा सासूबाईंनी उचलला पाहिजे. ‘आमच्या घरी परदेशी जाणाऱ्याबरोबर कोणाचेही काही जात नाही; माझ्या स्वतःच्या मुलीचेसुद्धा नाही,’ हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून एकदा सर्वांसमक्ष निघाले की पुढचे पुष्कळ रुसवे आपोआप टळतात. नियम घराचा ठरला म्हणजे त्याचा दोष सुनेवर येत नाही. भेट म्हणून कोणी सहलीचा खर्च करीत असेल व त्याबरोबर पुडकेही देत असेल, तर तेथे हा नियम अधिकच कडक पाळावा. उपकाराखाली वाकलेल्या मानेस नाही म्हणणे फार जड जाते.

आता ज्या वस्तूंत कोणाचाच कपटभाव नाही, त्यांनीही कसा घोटाळा होतो ते थोडक्यात सांगतो. अनारसे आपण खसखशीवर थापतो. हीच खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते; तेव्हा दिवाळीचा डबा दुबईस नेणाऱ्या सुनेने त्यातून अनारसे वगळावेत. कापूर व सुके खोबरे ही पेट घेणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, म्हणून पूजेचे साहित्य आणि खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावर काढून ठेवण्याची पाळी येते. तिखटाची पूड हातातल्या पिशवीत चालत नाही, ती मोठ्या पेटीतच हवी. कोणाच्या डोळ्यांत फेकण्याचे ते शस्त्र होऊ शकते, आणि नंदुरबारच्या मिरचीविषयी ही शंका घेणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. पातळ तूप शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत हातात नेता येत नाही.

ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचा जिन्नस कागदावर लिहून द्यावा लागतो. २०१९ च्या ऑक्टोबरात व्हिएतनामहून आलेल्या एका बाईच्या सामानात न सांगता आणलेले सुमारे दहा किलो खाद्यपदार्थ सापडले, त्यांत कच्चे मांसही होते. तिचा परवाना रद्द करून तिला परत धाडण्यात आले. न्यूझीलंडात अशा न सांगितलेल्या जिनसेबद्दल जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो. सांगितले तर बहुधा वस्तू तेवढी जाते, दंड होत नाही. तेव्हा सांगण्यात लाज धरू नये. आणि २०२१ च्या एप्रिलात वॉशिंग्टनच्या विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारशी पेटीत शेणाच्या दोन गोवऱ्या निघाल्या, त्या तेथील अधिकाऱ्यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाच्या भीतीने नष्ट केल्या. गृहप्रवेशाच्या होमासाठी कोणी नेल्या असतील, असा आमचा आपला तर्क.

औषधांची गोष्ट याहून गंभीर आहे. घरातील डब्यात आपण सांधेदुखीच्या, खोकल्याच्या व झोपेच्या गोळ्या एकत्र टाकतो आणि तो डबाच उचलून पेटीत ठेवतो. ट्रॅमाडॉल व कोडीन ही नावे ज्या औषधांवर असतील, ती आखाती देशांत पूर्वपरवानगीवाचून नेणे हा गुन्हा होऊ शकतो. एक ब्रिटिश स्त्री २०१७ साली आपल्या मित्राच्या पाठदुखीकरिता ट्रॅमाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन इजिप्तला गेली. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यांपैकी एक वर्षाहून अधिक काळ भोगल्यावर २०१९ च्या जानेवारीत तिची सुटका झाली. येथेही गोळ्या दुसऱ्यासाठीच होत्या, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. स्वतःची औषधे मूळच्या वेष्टनात, डॉक्टरांच्या नाव-सहीच्या चिठ्ठीसह, मोजकी न्यावी. ‘तिकडे फार महाग पडतात हो, भाऊजींना एवढ्या रक्तदाबाच्या गोळ्या’ ही विनंती कितीही कळवळ्याची असली तरी तिला भाऊजींच्या तेथील डॉक्टरांचाच रस्ता दाखवावा.

घरातून निघणारी आणखी एक अडचण आहे. ती वस्तूची नसून नावाची. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल अद्यापि सर्वत्र सुटलेली नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नाव सासरी चालू होते, पासपोर्टावर माहेरचे नाव असते, आणि प्रवासाचे तिकीट काढणारे भाऊजी सासरच्या नावाने तिकीट काढून मोकळे होतात. विमानतळावर कागदावरची बाई आणि समोरची बाई एकच आहे हे पटवून देता देता नवराबायकोंच्या डोळ्यांदेखत विमान निघून जाते. तिकिटावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षराक्षराने जुळले पाहिजे, याला पर्याय नाही. लग्न झाले म्हणून पासपोर्टावरील नाव बदललेच पाहिजे असे मात्र नाही. २०१६ च्या डिसेंबरात नियम सैल झाले, तेव्हापासून विवाहितेस पासपोर्टाच्या अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडण्याची सक्ती राहिलेली नाही. ज्या जुन्या पासपोर्टांवर आडनाव नसून नुसते एकच नाव आहे, त्यांस संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून सहलीसाठी प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली, हेही आडनाव न लिहिण्याची सवय असलेल्या कुटुंबांनी लक्षात ठेवावे. आम्हास विचाराल तर मुलीचे नाव बदलण्याच्या चालीविरुद्ध जी कारणे सुधारकांनी आजवर सांगितली, त्यांत हे एक नवे व अगदीच रोकडे कारण घालण्यास हरकत नाही.

आकाशातून कोसळणाऱ्या संकटांविषयी फार लिहीत नाही. २०१० च्या एप्रिलात आइसलंडातील ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमाने जवळजवळ आठवडाभर बंद पाडली. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे आपल्या देशाने बाहेरून येणारी प्रवासी विमाने थांबविली आणि हजारो प्रवासी जेथल्या तेथे अडकले. त्याच मार्चच्या प्रारंभी दुबईची सहल करून पुण्यास परतलेले एक दांपत्य आपल्या राज्यातील पहिले ज्ञात रुग्ण ठरले, आणि रोगापेक्षा लोकांच्या जिभेचा ताप त्यांस अधिक सोसावा लागला. असल्या प्रसंगी प्रवाशाचा दोष नसतो व उपायही फारसा नसतो. विमा उतरवावा, थोडे पैसे निराळे ठेवावे आणि घरी कळवीत राहावे, एवढेच. युरोपातील बहुतेक देश तर तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा असल्यावाचून परवानाच देत नाहीत.

दुर्दैवाने पेटीतून काही निघालेच, तर काय करावे, हे मात्र घरच्यांनी व जाणाऱ्यांनी आधी बोलून ठेवावे. १९६३ च्या व्हिएन्ना येथील करारान्वये अटक झालेल्या परकीयास आपल्या देशाच्या वकिलातीस कळविण्याचा हक्क आहे. तो शांतपणे, पण पहिल्या तासातच मागावा. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर, दुभाष्या आल्यावाचून, सही करू नये. वकिलात भेटावयास येते, वकील मिळवून देण्यास साहाय्य करते, घरी निरोप पोहोचविते. तुरुंगातून बाहेर काढण्याचा अधिकार तिला नसतो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते व त्यामुळे पुढे निष्कारण निराशा होते. पासपोर्टाची, तिकिटाची व औषधाच्या चिठ्ठीची एकेक प्रत घरी ठेवावी. पेटी बंद करण्यापूर्वी आतील सामानाचे एक छायाचित्र फोनवर काढून घरी धाडावे. आणि पुडके देणाऱ्याशी फोनवर काय बोलणे झाले ते पुसून टाकू नये, एवढे तरी दोहाच्या प्रसंगावरून घेण्यासारखे आहे.

राहता राहिला प्रश्न काकूंच्या तिखटाचा. दुबईस असलेल्या मुलास घरच्या मिरचीची चव मिळावी ही त्यांची इच्छा काही गैर नाही, आणि नियमाच्या नावाखाली तिचा चुराडा करावा असेही आम्ही म्हणत नाही. परदेशी पार्सल टपालाने जाते. त्यासोबत आत कोणता जिन्नस आहे, किती वजनाचा व काय किमतीचा, हे जकातीच्या छापील कागदावर लिहून पाठविणाराने खाली स्वतःची सही करावयाची असते व आपले नाव-पत्ता द्यावयाचा असतो. त्या त्या देशात तो जिन्नस चालतो की नाही, ते आधी विचारून घ्यावे. घरी कुटलेले तिखट सुट्या पिशवीत न भरता चांगले मोहोरबंद करावे, वर काय आहे ते इंग्रजीत ठळक लिहावे, आणि आमचूर वेगळ्या पिशवीत ठेवावा. आमच्या परिचयाच्या त्या घरच्या काकूंनी शेवटी असेच केले. टपाल कचेरीत तासभर उभे राहावे लागले व तिखटापेक्षा टपालहशील अधिक पडले, असे त्या अजूनही सांगतात. पण पुडके पोहोचले, आणि यंदा संक्रांतीस त्या मामंजींच्या घरी तिळगूळ घेऊन आल्या होत्या.